विमानतळ ते रूम, तिकीट काढायच्या आधीचा हिशोब

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही पाच जण गोव्याला गेलो, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. तिकीट मीच काढलेलं, इंदूरहून मुंबई, तिथे फ्लाइट बदलून गोवा, आणि दुसऱ्या एका फ्लाइटपेक्षा माणशी ६०० रुपये कमी म्हणून हीच घेतली, म्हणजे सगळ्यांचे मिळून ३००० वाचले. रूम कोलव्याला, बीचपासून चालत पाच मिनिटं. रात्री दहाला उतरलो ते मोपाला, म्हणजे गोव्याच्या पार वरच्या टोकाला पेडण्यात, आणि कोलवा खाली दक्षिणेत, मधे जवळजवळ ७० किलोमीटर. पाच माणसं पाच बॅगा साध्या गाडीत मावेनात, मोठी गाडी करावी लागली, वाचलेले ३००० तिथेच गेले आणि वर अजून घालावे लागले. पोचलो साडेबाराला, सासूबाईंचे गुडघे आखडलेले, धाकटा खांद्यावर झोपलेला आणि घरमालकीण बाई आमच्यासाठी जागत बसलेल्या. डाबोळीला उतरलो असतो तर पाऊण तासाचा रस्ता होता.

तेव्हापासून मी तिकिटाची किंमत एकटी बघतच नाही. तिकीट अधिक विमानतळापासून रूमच्या दारापर्यंतचा खर्च अधिक तिथे पोचायची वेळ, असं तिन्ही एकत्र लिहून काढते. इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात आता कोणी फिरायला निघालं की बुकिंगच्या आधी मला विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं.

आधी गोव्याचंच सांगते कारण आपल्याकडचे सगळ्यात जास्त लोक तिथेच जातात. डाबोळी जुनं, ते नौदलाच्या तळावर आहे, त्याचा कोड जीओआय. मोपा नवं, मनोहर पर्रीकरांच्या नावाचं, तिथून प्रवासी विमानं ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली, कोड जीओएक्स. तिकिटाच्या साइटवर "गोवा" एवढंच टाकलं की दोन्हीकडच्या फ्लाइट्स एका यादीत येतात आणि आपण वरची स्वस्त उचलतो, म्हणून तो तीन अक्षरी कोड बघायचाच. हरमल, मांद्रे, मोरजी इथे राहणार असाल तर मोपा जवळ. कोलवा, बाणावली, पाळोळे असेल तर डाबोळी. कळंगुट-बागा दोन्हीकडून साधारण सारखंच पडतं, तिथे खुशाल स्वस्त तिकीट बघा. आणि गोव्यात टॅक्सीवाल्यांच्या विरोधामुळे ओला-उबर काही रुजले नाहीत, उतरल्यावर आपण सवयीने तेच ॲप उघडून बसतो आणि गाडी दिसतच नाही. तिथे प्रीपेड काउंटर आहे, गोवामाइल्स नावाचं ॲप आहे, आणि मोपावरून कदंबाच्या बस आहेत, एकटं-दुकटं असाल आणि सामान हलकं असेल तर ती बस खरंच चांगली.

दोन विमानतळांची भानगड आता मुंबईलाही आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. अलिबागला रिसॉर्ट घेतलं असेल तर तिथे उतरणं सोयीचं, दादरला मावशीकडे उतरायचं असेल तर जुनंच बरं. बँकॉकलाही तसंच, सुवर्णभूमी वेगळं आणि डॉन म्युआंग वेगळं, आणि दोन्हींची शहरात यायची सोय वेगवेगळी.

आता वेळेचं. तिकिटावर लिहिलेली वेळ विमान टेकायची असते, तुम्ही दाराबाहेर यायची नसते. देशातल्या देशात बॅगा घेऊन बाहेर यायला मी अर्धा ते पाऊण तास धरते, परदेशात इमिग्रेशनची लाइन असते म्हणून एक-दीड तास, आणि मग त्या वेळेला काय मिळतं ते बघते. दुबईची मेट्रो टर्मिनल एक आणि तीनला थेट येते, एरवी पहाटे पाचला सुरू होते पण रविवारी सकाळी आठला, त्यामुळे रविवारी पहाटे उतरणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. टर्मिनल दोनला तर ती येतच नाही. आपल्या इंदूरहून २०१९ मध्ये आखाताची थेट फ्लाइट सुरू झाली ती दुबईची होती, नंतर ती शारजाला गेली, आणि लोकांना वाटतं शारजा म्हणजे दुबईच. अंतर फार नाही, पण शारजात मेट्रो नाही, दुसऱ्या अमिरातीत जायचं म्हणून टॅक्सीला मीटरच्या वर वेगळा आकार लागतो आणि ऑफिसच्या वेळेला त्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते त्यात तास-दीड तास सहज जातो.

मग पैसे, आणि इथेच बरेच जण चुकतात. बस, मेट्रो, शटल यांचं भाडं माणशी असतं, टॅक्सीचं गाडीमागे असतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धा निर्णय होतो. समजा बसचं तिकीट माणशी १५०, तुम्ही चौघं, झाले ६००, बसस्टॉपपासून हॉटेलपर्यंत रिक्षाचे १५०, झाले ७५०, आणि टॅक्सी ९०० मध्ये दारात सोडते. दीडशे रुपयांसाठी चार बॅगा दोनदा चढवायच्या उतरवायच्या का, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण आजी बरोबर असेल तर मी ठरवते की नाही. तेच एकटी असेन तर रिक्षा धरून ३०० आणि ९०० मध्ये केवढा फरक, तिथे मी बसच घेते. दिल्लीला एकटी जाते तेव्हा एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोने वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशन, रस्त्यावरच्या ट्रॅफिकशी काही संबंधच नाही, त्याच्यापेक्षा चांगलं मला तरी काही सापडलं नाही.

बॅगांचं कोणी विचारात घेत नाही आणि नेमकं तिथेच अडतं. चार माणसांची गाडी म्हणजे चार माणसं आणि चार मोठ्या बॅगांची गाडी नव्हे. आपल्याकडे बहुतेक टॅक्स्या सीएनजीवर चालतात आणि सिलिंडर डिकीत बसवलेला असतो, म्हणजे डिकीत एक मोठी बॅग आणि वर एखादी पिशवी, संपलं. म्हणून फोनवर गाडी ठरवताना मी दोनच प्रश्न विचारते, सीएनजी आहे का आणि वर कॅरियर आहे का. चौघांना पंधरा-पंधरा किलोच्या चार बॅगा असतील तर सरळ सात सीटर सांगावी, दोन लहान गाड्या करण्यापेक्षा ती बहुतेक वेळा स्वस्तच पडते आणि कुटुंब एकत्र राहतं ते वेगळंच.

गाडीचे प्रकारही समजून घ्या, कारण प्रत्येकाचा भाव लावायची पद्धत वेगळी. प्रीपेड काउंटरवर अंतराप्रमाणे दर ठरलेला असतो, पैसे भरले की पावती मिळते, पाऊस असो नाहीतर गर्दी असो भाव तोच (रात्रीचा दर मात्र बऱ्याच ठिकाणी जास्त असतो), आणि ती ड्रायव्हरची पावती हॉटेलच्या दारात उतरल्यावरच त्याच्या हातात द्यायची, आधी नाही. ॲपवाल्या गाडीचा भाव मागणीवर हलतो. तीन विमानं पाठोपाठ उतरली की चार-पाचशे माणसं एकाच वेळी फोन काढून बसतात, गाड्या तेवढ्या नसतात, म्हणून भाव चढतो. २०२० च्या केंद्र सरकारच्या गाईडलाईनमध्ये हा चढा भाव मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत होता, जुलै २०२५ च्या नव्या गाईडलाईनमध्ये तो दुपटीपर्यंत घ्यायची मुभा दिली, लागू करायचं काम राज्यांचं. मी अशा वेळी भाव चढलेला दिसला की आत बसून चहा घेते, वीस मिनिटांनी परत बघते, गर्दी ओसरली की भाव बऱ्याचदा खाली आलेला असतो. पण रात्री अकराला, मुलं पेंगत असताना, हे करू नका, तेव्हा प्रीपेडच बरं.

हॉटेलचा पिकअप बाहेरच्या टॅक्सीपेक्षा बहुतेक महाग असतो, पण पहिल्यांदा परदेशात जाणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना मी तोच घ्यायला सांगते. दाराशी आपल्या नावाची पाटी धरून माणूस उभा दिसला की जीव भांड्यात पडतो. फक्त त्यांना फ्लाइटचा नंबर कळवून ठेवा, नुसती वेळ नको, म्हणजे विमान लेट झालं तर त्यांना आपलं आपण कळतं, आणि वेटिंगचे पैसे कधीपासून लागतात ते आधी विचारा.

आणि बाहेर येताच "गाडी पाहिजे का, चला स्वस्तात सोडतो" म्हणत मागे लागतात त्यांच्याबरोबर जाऊ नये. नंबर प्लेट बघा. पिवळ्यावर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी, हिरव्यावर पिवळी अक्षरं म्हणजे इलेक्ट्रिक टॅक्सी, काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो ती गाडी. पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे कोणाची तरी घरची गाडी, तिला भाडं घ्यायची परवानगी नसते आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ होतो. गोव्यात तर बऱ्याच जणांना पांढऱ्या नंबरची गाडी "सेल्फ ड्राइव्ह" म्हणून चिकटवतात, घेऊ नका, पोलिसांनी अडवलं की सुट्टीतला एक दिवस तिथेच गेला.

आता आपल्या इंदुराकडे येते, कारण पुण्या-मुंबईचे पाहुणे इथे उतरले की नेमके हेच प्रश्न विचारतात. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिमेला, बिजासन टेकडीच्या शेजारी. राजवाडा तिथून आठ-नऊ किलोमीटर, रस्ता कालानी नगर, बडा गणपती असा गर्दीतून. विजय नगर अंतराने लांब, पण सुपर कॉरिडॉरचा रस्ता मोकळा असल्यामुळे कित्येकदा राजवाड्याआधी विजय नगर येतं, हे नकाशात किलोमीटर बघून कळत नाही, मिनिटं बघावी लागतात, आणि तीही ज्या वेळेला उतरणार त्या वेळेची.

मेट्रोचं सगळे विचारतात. इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, सहाएक किलोमीटर, पाच स्टेशनं, गांधी नगर ते सुपर कॉरिडॉर तीन. विमानतळाच्या जवळून जाते पण टर्मिनलच्या दारात येत नाही, तिकडचं स्टेशन पुढच्या भागात आहे. म्हणून पाहुण्यांनी पहिल्या टप्प्याच्या बातम्या वाचून तिच्या भरवशावर येऊ नये, रूम जुन्या शहरात असेल तर तिचा उपयोग नाही.

ज्यांना सराफ्याची खाऊगल्ली अनुभवायचीय ते राजवाड्याजवळ रूम घेतात, छान आहे, मीही सांगते घ्या. पण रात्री दागिन्यांची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याचे ठेले लागतात आणि गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते, गाडी दारापर्यंत येत नाही. तेव्हा हॉटेलवाल्याला विचारा गाडी नेमकी कुठपर्यंत येते आणि तिथून किती चालायचं. रंगपंचमीला तर गेर, म्हणजे रंग खेळत जाणारी मिरवणूक, निघते, लाखो माणसं, राजवाड्याकडचे रस्ते बंद, त्या दिवशी सकाळी उतरून बॅगा घेऊन तिथल्या हॉटेलात शिरणं शक्य नाही, आदल्या दिवशी या.

उज्जैनला थेट जाणारे खूप. अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास, ओंकारेश्वर ८० च्या आसपास पण तिथे भेरूघाट लागतो म्हणून वेळ जास्त. या अशा बाहेरगावच्या गाडीचा हिशोब शहरातल्या टॅक्सीसारखा नसतो आणि तिथेच वाद होतात. एक असतो ड्रॉप, सोडलं की संपलं, पण रिकामी गाडी परत येणार म्हणून त्याचं भाडं त्यात धरलेलं असतं. दुसरं लोकल पॅकेज, आठ तास ऐंशी किलोमीटर. तिसरं आउटस्टेशन, त्यात दिवसाला कमीत कमी २५० किलोमीटरचे पैसे लावायची पद्धत आहे, तुम्ही १२० फिरलात तरी. म्हणजे विमानतळावरून उज्जैनला जाऊन तिथे दोन दिवस राहणार असाल तर गाडी थांबवून ठेवणं म्हणजे न फिरलेल्या किलोमीटरचे पैसे देणं, त्यापेक्षा ड्रॉप घ्या, उज्जैनमध्ये ई-रिक्षाने फिरा आणि परतीला वेगळी गाडी सांगा. उलट एकाच दिवसात उज्जैन आणि लगेच ओंकारेश्वर करायचं असेल तर दिवसाची गाडी सरळ परवडते. आणि किलोमीटर कुठून मोजणार ते विचारा, तुम्ही बसल्यापासून की गॅरेज टू गॅरेज, म्हणजे गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून परत तिथे पोचेपर्यंत. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता भाड्यात धरलाय की वर, हेही विचारा, आणि सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको.

अजून एक, जे आपल्या मराठी पाहुण्यांना हमखास माहीत नसतं. उज्जैनचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, कारण इकडे महिना पौर्णिमेनंतर बदलतो आणि आपल्याकडे अमावास्येनंतर. तुमच्या कालनिर्णयात आषाढ चालू असतो आणि इथे सोमवारी महाकालची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघालेली असते. सवारी दुपारी चारच्या सुमारास देवळातून निघते, रस्ते अडवलेले असतात, गाड्या लांबच थांबवतात. सोमवारी दुपारी उतरून संध्याकाळी मंदिराजवळच्या रूमवर पोचू असं ठरवलं असेल तर ते होणार नाही. भस्म आरती पहाटे चारला असते, त्यासाठी रात्रीच तिथे मुक्काम हवा, इंदुरात झोपून पहाटे टॅक्सीने जायचा बेत वयस्कर माणसांसाठी मला तरी नको वाटतो. २०२८ ला सिंहस्थ आहे, त्या वर्षी तर सगळंच वेगळं असणार.

डोंगरातल्या रूमचं गणित एकदम निराळं. कोची विमानतळ ते मुन्नार ११० किलोमीटर, आपल्याकडे म्हटलं तर दोन तास, पण तिथे वळणंच वळणं, चार तास धरा. संध्याकाळी पाचला उतरलात तर घाट अंधारात, पावसाळ्यात धुकं, आणि मुलांना उलट्या. मी अशा वेळी पहिली रात्र आलुवा किंवा अंगमालीला साध्या हॉटेलात काढते आणि सकाळी निघते. एका रात्रीचे पैसे जातात खरे, पण मुन्नारचं महागडं रिसॉर्ट रात्री दहाला नुसतं झोपायला वापरण्यात काय अर्थ.

आणि अंदमानला तर शेवटचा टप्पा गाडीचा नाहीच. वीर सावरकर विमानतळ पोर्ट ब्लेअरला, ज्याला आता श्री विजयपुरम म्हणतात, गावाला अगदी लागून आहे, टॅक्सी लगेच, सेल्युलर जेल जवळ. पण रूम हॅवलॉकला असेल, ज्याला आता स्वराज द्वीप म्हणतात, तर पुढे बोट. बोटी दिवसाउजेडीच सुटतात, दुपारची शेवटची गेली की त्या दिवशी जाणं नाही. आमच्या ओळखीत एका कुटुंबाने पहिल्याच दिवसाची हॅवलॉकची रूम भरून ठेवली होती, विमान दीड तास लेट झालं, बोट गेली, रूमचे पैसे गेले आणि पोर्ट ब्लेअरला ऐनवेळी दुसरी रूम शोधावी लागली. म्हणून पहिली रात्र तिथेच, सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड शो बघा, सकाळच्या बोटीने पुढे.

होमस्टे असेल तर पत्त्याचं काम घरूनच करून निघा. गोव्यात वाड्यांची नावं असतात, घर नंबर कोणाला सांगता येत नाही, मॅपवरची खूण कधीकधी मागच्या गल्लीत पडते. घरमालकाकडून लोकेशन मागवून घ्या, त्या भागाचा मॅप ऑफलाइन सेव्ह करा, जवळचं देऊळ, चर्च किंवा शाळा विचारून ठेवा, आणि परदेशात असाल तर पत्ता तिथल्या लिपीत फोटो काढून ठेवा, बँकॉकच्या टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता वाचता येईलच असं नाही. सासूबाईंच्या पर्समध्ये मी हॉटेलचं नाव, फोन आणि माझा नंबर कागदावर लिहून ठेवते, फोनची बॅटरी संपली तरी कागद राहतो.

परवा पुण्याहून माझी आत्या आणि काका येतायत, उज्जैन-ओंकारेश्वर करायला. तिने विचारलं कसं यायचं, मी तिला एवढं पाठवलं: "आत्या, मंगळवारची फ्लाइट घेतलीस ते बरं केलंस, सोमवारी सवारी असते. विमान दुपारी तीनला टेकेल, तुम्ही पावणेचारपर्यंत बाहेर याल. ड्रॉपची गाडी सांगितलीय, पिवळ्या नंबरची, सीएनजी नाही, दोन्ही बॅगा डिकीत बसतील. टोल भाड्यातच आहे, पार्किंग वर. हॉटेलच्या दारापर्यंत गाडी जात नाही, शेवटचं जरा चालायचंय, काकांसाठी ई-रिक्षा हॉटेलवाला पाठवणार आहे. ड्रायव्हरला फ्लाइटचा नंबर दिलाय. तू फक्त उतरलीस की मिस्ड कॉल दे."